जमिनीखालचा कार्यक्रम

त्याला सगळा कारखाना भोंगा म्हणायचा. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. दिसायला उंच, अंगानं वाळल्या उसासारखा. आवाज असा की मांडीला मांडी लावून बसला तरी वाटावं, हा पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलतोय. त्याच्याबरोबर मी कितीतरी हंगाम काढले. दोस्त होता का, तर नव्हता. तो बोलायचा आणि आपण ऐकायचं. दोस्तीत थोडं इकडून तिकडं जावं लागतं, तसं काही आमचं नव्हतं.

तरी त्याच्यावर लिहायला बसलोय, कारण माझी बायको गेली. गेल्या श्रावणात गेली. माणसं आली, बसली, चहा पिऊन गेली. सगळे म्हणाले, सोन्यासारखी बाई होती. सोन्यासारखी बिन्यासारखी काही नव्हती. मिरचीसारखी होती. पण ती गेल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. कारखान्यावर असताना एकदा भर दुपारी ती भोंग्याच्या केबिनमध्ये शिरली, माईक धरला आणि काहीतरी बोलली. सगळ्या यार्डानं ऐकलं. मी नाही ऐकलं. मी आत मिलवर, म्हणजे ऊस पिळायच्या यंत्रावर होतो. मिलच्या रोलपाशी उभं राहिलं की कानात तोंड घालून बोललेलंही कळत नाही. काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. भोंग्यानं तर नाहीच.

ते कळायला आधी भोंगा कळला पाहिजे.

आमचा कारखाना बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यातला. मी मिलवर ऑइलमन. चौथीपर्यंत शाळा, पुढं तेलाचा डबा. हंगाम चालू झाला की यार्डात उसाच्या गाड्यांची जत्रा लागायची. नव्वद सालानंतरचे दिवस, ट्रॅक्टर आले होते, पण निम्म्याहून जास्त बैलगाड्याच. गाडीवानानं वजन करायचं, नंबर घ्यायचा आणि बैल सोडून वाट बघत बसायचं. नंबर पुकारला की बैल जुंपायचे आणि गाडी गव्हाणीवर न्यायची. गव्हाण म्हणजे जिथं मोळ्या टाकतात आणि पट्ट्यावरून ऊस आत मिलला जातो ती जागा. नंबर पुकारायला यार्डाच्या मधोमध पत्र्याची केबिन होती. त्यात एक टेबल, एक माईक, एक टेपरेकॉर्डर आणि हा माणूस. छपरावर चार दिशांना चार भोंगे.

भक्तिगीतं लावा आणि मधून नंबर पुकारा, असा वरचा हुकूम होता. हा मूळचा मोरगावकडचा, जिरायती मुलखातला, बाप मेंढरं घेऊन फिरणारा. भक्तिगीतांच्या दोनच कॅसेटी होत्या, त्या घासून घासून रडायला लागल्या. म्हणून हा पुण्याला जुन्या बाजारात गेला आणि एक पोतंभर जुन्या कॅसेटी किलोवर घेऊन आला. विचार असा की त्यांच्यावर नवीन भजनं भरून घेऊ. भरण्याआधी एक लावून बघितली. मग भजनं राहिली ती राहिलीच.

त्या कॅसेटीत काय होतं ते मी आधी माझ्या शब्दांत सांगतो. पत्र्यावर दगड पडतायत आणि खाली कोणीतरी पोरगा बोंबलतोय. सूर नाही, ताल आहे पण पळत सुटलेला. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं. बरीचशी गाणी एकाच पद्धतीनं चालू व्हायची. कोणीतरी आधी ओरडायचा, वन टू थ्री फोर, आणि मग दगड.

आता ह्या माणसानं काय करावं? रोज दुपारी जेवणं झाली की त्यानं ह्याचा कार्यक्रमच चालू केला. आकाशवाणीवाला बोलतो तसा माईकपुढं बसून. आधी माईकवर टिचकी मारायचा, मग:

"हॅलो. यार्डातल्या समद्या गाडीवानांना, ट्रॅक्टरवाल्यांना, फडावरच्या आयाबहिणींना आन् बैलांना राम राम. जमिनीखालचा कार्यक्रम सुरू हुतोय. आता जे ऐकाल त्ये इलायतेतल्या चार पोरांचं हाय. ह्यांना काम न्हाय. बाप ह्यांच्यासंगं बोलत न्हाय. ह्यांना वाजवाया येत न्हाय. तरी वाजवत्यात. ऐका."

पहिल्या दिवशी यार्डात लोक उभे राहिले. एक बीडकडचा गाडीवान म्हणाला, "आरं, त्या लेकराला इंचू चावलाय, कोनीतरी बघा की!"

भोंगा खिडकीतून बाहेर डोकं काढून म्हणाला, "चावलाच हाय. तुला चावला तर तू काय भूपाळी म्हनशील का?"

जमिनीखालचा का, असं मी त्याला एकदा विचारलं. कॅसेटीच्या डबीत इंग्रजी कागद असायचे. त्यातला अंडरग्राउंड हा शब्द त्याला कोणीतरी फोडून सांगितला होता. तो म्हणाला, "ऑइलमन, रेडिओवर वाजतं ती झाडावरची फळं. समद्यांना दिसत्यात, समद्यांना पायजेल. ह्ये भुईमुगासारखं हाय. वर नुसता पाला. उपटल्याबिगर कळत न्हाय खाली काय धरलंय."

मला तो ऑइलमनच म्हणायचा. त्याचंही कारण आहे. माझी बायको रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. पहिल्यांदा आली तेव्हा फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "कुणाचा डबा?"

"त्यांचा."

"त्यांचा म्हंजे कुणाचा?"

"त्ये न्हाईत का, मिलवर तेल घालत्यात, त्यांचा."

"नाव सांगा की बाई."

ती काही सांगेना. आमच्यातल्या त्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. रेशनच्या दुकानात गेली तरी शेजारणीला पुढं करायची, तू सांग गं ह्यांचं नाव. तर वॉचमन हटेना, ही सांगेना. शेवटी केबिनमधून भोंगा ओरडला, "सोड तिला, ऑइलमनची मानसं हायती ती." तेव्हापासून मी ऑइलमन. निवृत्त झालो तरी ऑइलमन.

त्याच्या शर्टाला कधी बटणं नसायची. लग्न केलेलं नाही, बटण लावणार कोण? सगळीकडं सेफ्टी पिना लावलेल्या. छातीवर पिना, बाहीला पिना, खांद्यावर बापाचं घोंगडं, त्याच्या फाटक्या कडेलाही पिना. लोक हसायचे. तर एका कॅसेटीच्या डबीवर त्याला एक फोटो सापडला. इलायतेतला एक पोरगा, केस उभे, आणि अंगातलं जाकीट सगळं पिनांनी भरलेलं. भोंगा तो फोटो घेऊन मिलपर्यंत पळत आला. मला बाहेर ओढून दाखवला.

"बघ! त्याला बी कोनी न्हाय बटन लावाया."

मी म्हणालो, "त्याची फॅशन असंल ती."

"फॅशन कशाची? पिना हौसेनं कोन लावतं व्हय?" मग त्यानं फोटो पुन्हा पुन्हा न्याहाळला. "पर तोंडावरनं बघ, लाज न्हाय वाटत त्याला. आता मी बी न्हाय वाटून घेनार."

ह्या संगीताला पंक म्हणतात, हेही त्यानं शोधून काढलं. वालचंदनगरच्या कॉलनीत एक इंग्रजीचे मास्तर राहायचे. रविवारी सायकल मारत हा तिथं जायचा आणि कॅसेटीतले कागद वाचून घ्यायचा. मास्तरांनी दोन-तीन वाचले. मग एका कागदावर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "हे आमच्या ओसरीवर वाचण्यासारखं नाही. आपण या." त्यानंतर भोंगा अर्थ आपल्या मनानंच सांगायला लागला. आणि खरं सांगतो, मास्तरांपेक्षा त्याचंच पटायचं. एक गाणं लावलं की म्हणायचा, "हा पोरगा कुणावर तरी चिडलाय, पर कुणावर त्ये त्याला बी ठावं न्हाय. तवा समद्यांवर चिडलाय." दुसरं लावलं की, "ही पोरगी हाय. हिला कोनीतरी म्हनलंय, बायामानसानं हळू बोलावं. आता ऐका."

मधूनच तो मोरगावकडच्या मेंढक्यांच्या ओव्या लावायचा. कुठल्याशा मेंढरांच्या वाड्यावर जाऊन त्यानंच भरून आणलेल्या, मागं मेंढरं ओरडतायत अशा. "ह्ये बी त्येच हाय," एवढंच सांगायचा. मला काही ते तेच वाटायचं नाही. पण म्हातारे गाडीवान त्या वेळेला बिडी विझवून बसायचे, आणि ओवी संपून दगड पडायला लागले तरी उठायचे नाहीत.

कोणी म्हणालं, मगाचं परत लावा, तर लावायचा नाही.

"परत न्हाय. झालं त्ये झालं. ज्यानं ऐकलं त्याचं."

"मी लघवीला गेलो हुतो राव!"

"मंग लघवी ऐकलीस. त्ये तुझं."

आमच्या हिला हा कार्यक्रम आवडायचा, हे मला फार उशिरा कळलं. ती भाकरी देते आणि लगेच घरी जाते, असं मी समजत होतो. एकदा मी पट्ट्याकडून बाहेर आलो तर ही केबिनशेजारच्या लिंबाखाली बसलेली. मांडीवर मोकळं फडकं, भोंग्यातून दगड पडतायत, आणि हिचा अंगठा मांडीवर हलतोय.

घरी आल्यावर विचारलं, "काय आवडतं गं तुला त्यात? भाषा कळती का?"

"भांडान कळाया भाषा लागती व्हय?"

"गोड तरी लागतं का?"

"न्हाय लागत. म्हनून तर ऐकते," ती म्हणाली. "ती पोरं कुनाला गोड लागंल का ह्ये बघतच न्हाईत."

मी तिला पारखून बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. जात्यावर गायची, लग्नात गायची, आरतीत गायची, सगळं गोड. मला वाटायचं तिला तेच आवडतं.

आता बैलांची गोष्ट. ती सगळ्या तालुक्यात झाली, पण लोक तिखटमीठ लावतात. झालं ते असं.

गाणी छोटी असायची. एक गाडी गव्हाणीवर रिकामी होईपर्यंत एक गाणं, असा भोंग्यानं बरोबर मेळ घातला होता. गाणं लावायचं, ते संपलं की नंबर पुकारायचा. ज्या गाण्याला वन टू थ्री फोर नसेल त्याला हा स्वतः माईकवर ओरडायचा, कारण त्याच्या मते चार मोजल्याशिवाय काही चालू करणं म्हणजे देवाला न सांगता नारळ फोडणं. बैल हे सगळं ऐकत होते. बैलाला काय कळत नाही असं ज्याला वाटतं त्यानं बैल ठेवू नये. वन टू थ्री फोर झालं की थोड्या वेळानं आपल्याला पुढं जायचंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं पुढं तर चार मोजले की बसलेले बैल आपसूक उठायचे आणि जुंपलेले चालायला लागायचे. गाडीवानांना बरंच होतं, आसूड उचलायला नको.

मग आलं पोतीपूजन. साखरेची लाख पोती झाली की लाखाव्या पोत्याची पूजा करायची, अशी कारखान्यावरची रीत. यार्डातच मांडव घातला. चेअरमन, संचालक, त्यांच्या मंडळी, भटजी. एमडी साहेबांनी भोंग्याला बोलावून बजावलं, आज सनई लावायची. सनई म्हणजे सनई. भोंग्यानं इमानदारीनं सनई भरून आणली. पण भरली कशावर? त्याच पोत्यातल्या एका कॅसेटीवर. सनई होती थोडी आणि कॅसेट होती मोठी. त्याचा हिशेब असा की सनई संपेपर्यंत पूजा होऊन जाईल. पण पाहुण्यांची गाडी यायला उशीर झाला. पूजा लांबली, भटजी मंत्र ताणत बसले, आणि इकडं सनई संपली.

क्षणभर गप्प झालं सगळं. मग चारी भोंग्यांतून चारी दिशांना: वन! टू! थ्री! फोर!

यार्डातले सगळे बैल उठले. पुढच्या रांगेतल्या गाड्या जुंपलेल्या होत्या आणि गाडीवान प्रसाद मिळेल म्हणून मांडवाशेजारी उभे. गाड्या निघाल्या. गव्हाणीची वाट मांडवातूनच गेली होती, एरवी तिथं मांडव नसतो ना. बैल आपल्या रोजच्या वाटेनं आले. कुणाला काही इजा झाली नाही, बैल पळाले नाहीत, शांतपणे आले. माणसंच पळाली. चेअरमन खुर्चीवर उभे राहिले. एका बैलानं भटजींपुढचा हार खाल्ला, दुसऱ्यानं लाखाव्या पोत्याला तोंड लावलं. आणि वर भोंग्यातून तो पोरगा आपला बोंबलतोय.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. पूजेला आम्हा मिलवाल्यांनाही बाहेर बोलावलं होतं. आमची ही बायकांच्या बाजूला होती. तोंडाला पदर लावून ती इतकी हसत होती की शेजारणीच्या अंगावर पडली.

एमडी साहेबांनी भोंग्याला उभा केला. "हा काय प्रकार आहे?"

"साहेब, बैल येळेवर आलं. पाव्हनं उशिरा आलं. चूक कुणाची?"

नोकरी जायचीच, पण चेअरमनच हसायला लागले, म्हणून वाचली. कॅसेटी मात्र सगळ्या जप्त झाल्या. पोतं उचलून भांडारात टाकलं आणि कुलूप घातलं. हुकूम झाला: फक्त नंबर पुकारायचा. गाणं नाही, बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्यानं नुसता नंबर पुकारला. एकही बैल उठला नाही. गाडीवान चुचकारतायत, शेपट्या पिरगाळतायत, बैल ढिम्म. निदान गाडीवान तरी असं सांगत होते. मला विचाराल तर बैल उठत होते, गाडीवानच उठत नव्हते. काही असो, गव्हाण रिकामी पडली, आत पट्टा मोकळा फिरायला लागला आणि ऊस नाही म्हणून मिल थांबवायची वेळ आली. कारखान्यात ह्याच्याएवढं पाप नाही. एमडी साहेब स्वतः केबिनशी आले आणि म्हणाले, "मोज बाबा तुझे चार. पण कॅसेट नाही मिळायची."

आता चार मोजायची परवानगी आहे आणि पुढं वाजवायला काही नाही. दुसरा कोणी नुसतं मोजून गप्प बसला असता. भोंग्यानं टिचकी मारली आणि म्हणाला:

"हॅलो. जमिनीखालचा कार्यक्रम सुरू हुतोय. कॅसेटी सायबांनी नेल्या. हरकत न्हाय. त्या पोरांना तरी कुठं येत हुतं? यार्डातल्या ज्याच्या पोटात काय असंल त्यानं हितं यावं. चार मोजावं आन् सोडून द्यावं. सूर नगं. नंबर पुकारायच्या आत संपवायचं. फुडच्यानं मागच्याला हसायचं न्हाय. आन् हितं झालं त्ये परत सांगायचं न्हाय."

पहिले दोन दिवस कोणी गेलं नाही. मग एका गाडीवानानं जाऊन आपल्या मुकादमाला मनापासून शिव्या घातल्या. मुकादम खालीच उभा होता. नंतर तोच आत गेला आणि त्यानं टोळीला घातल्या. ऊसतोडीतली एक म्हातारी गेली आणि घरी मागं ठेवलेल्या शेळ्यांना एकेकीला नावानं हाका मारून आली. एकानं नुसती आरोळी ठोकली. बावड्याचा एक ट्रॅक्टरवाला तर आत गेला, चार मोजले आणि रडूच लागला. त्याला कोणी हसलं नाही. ही सगळी मी ऐकलेली गोष्ट आहे. आत मिलवर मला काय कळणार?

त्या आठवड्यातच एक दिवस आमची ही आत गेली.

मी भाकरी खाऊन आत गेलो होतो. सुट्टी झाल्यावर बाहेर आलो तर माणसं माझ्याकडं बघून हसतायत. वजनकाट्यावरचा कारकून म्हणाला, "काय हो, बायकोनं तुमची लाज काढली आज भोंग्यावर." एक गाडीवान म्हणाला, "वहिनी लई भारी गायल्या." तिसरा म्हणाला, "गायल्या कुठं, शिव्या दिल्या त्यांनी!" तिघांची तीन तोंडं. मला शिव्याच खऱ्या वाटल्या.

घरी आलो. "काय बोललीस तू भोंग्यावर?"

ती चुलीपुढं होती. मागं वळली नाही. "काय न्हाय. नंबर पुकारला."

"कुणाचा नंबर?"

"गाडीचा. दुसऱ्या कशाचा असतोय?"

मी भोंग्याकडं गेलो. तो म्हणाला, "ऑइलमन, नेम म्हंजे नेम. ऐकायचं हुतं तर भायेर यायचं हुतं."

"मिल सोडून?"

"त्ये तुझं तू बघ."

मी पुन्हा विचारलं नाही. मीही काही मऊ माणूस नाही. बायकोनं चारचौघांत शिव्या घातल्या असतील तर त्या घरी मागून कशाला घ्यायच्या? काही दिवस तिच्याशी कामापुरतं बोललो. तिनंही समजूत काढली नाही. मग हंगाम संपला, गाडीवान आपापल्या गावांना गेले, आणि ती गोष्ट तशीच राहिली.

पुढं ट्रॅक्टर वाढले. ट्रॅक्टरला चार मोजून दाखवले तरी तो हलत नाही. बैलगाड्या कमी झाल्या तशी भोंग्याची केबिनही मोडीत निघाली. तो नोकरी सोडून इंदापूरला गेला. तिथं बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्त करून दिलेला रेडिओ लावला की आधी त्याचाच आवाज येतो, असं लोक म्हणायचे. खोटं असेल. पण त्याच्याबद्दल काही खोटं वाटायचं नाही.

ही गेल्यावर दहावं झालं, तेरावं झालं. येणारे थांबले. मला घरात बसवेना. सून बरी आहे, पण तिला माझ्याशी ओरडून बोलावं लागतं, मिलनं कान नेले. एकदा असाच सकाळी ओट्यावर बसलो होतो. फाट्यावर एस्टी थांबली आणि एक उंच म्हातारा उतरला. खांद्यावर घोंगडं. जवळ आला तशा उन्हात पिना चमकल्या.

त्यानं राम राम केला, बसला. चहा झाला. सोन्यासारखी बाई वगैरे काही बोलला नाही. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कवा गेल्या?"

"श्रावणात."

"मला उशिरा कळलं." त्यानं घोंगडं सावरलं. मग, "ऑइलमन, आज एक परत लावनार हाय. जल्मात पयल्यांदा. वहिनी मला म्हनल्या हुत्या, मी हाय तवर त्यांना सांगू नगा."

त्याचा आवाज एवढा मोठा की मला ऐकायला काही त्रास नव्हता, तरी मी त्याच्याकडं सरकलो.

"आत आल्या. पदर खोचला. माईक कसा धरायचा ईचारलं न्हाय, लाटन्यावानी धरला. चार मोजलं, मराठीत मोजलं. आन् तुझं नाव घेतलं."

"माझं?"

"तुझंच." आणि त्या माणसानं, ज्यानं मला आख्ख्या जन्मात ऑइलमनशिवाय हाक मारली नव्हती, त्यानं माझं नाव घेतलं. "नुसतं असं. फुडं राव न्हाय, मागं उखाना न्हाय."

"आणि शिव्या?"

"शिव्या कशाच्या? नाव घेतलं. थांबल्या. परत घेतलं, जरा मोठ्यानं. मंग परत, आनखी मोठ्यानं. भोंगं फाटत्यात का काय वाटलं मला. यार्डातल्या बाया तर तोंडावर हात ठिवून उभ्या. मंग माईक ठिवला, पदर घेतला आन् म्हनल्या, हां, आता नंबर पुकारा."

मी विचारलं, "रागात होती का?"

तो विचार करायला लागला. कॅसेट लावायच्या आधी करायचा तसा, डोळे बारीक करून. "न्हाय," तो म्हणाला. "मला बी आधी राग वाटला हुता. पर न्हाय. लांबच्या वावरातल्या मानसाला जेवाय बोलवावं ना, तशी हाक हुती. भाकरी थापून झाली, या आता, आशी."

"म्हणून दाखव."

"मला न्हाय येत. त्ये त्यांचं गानं." तो उठला. "लई जनांनी त्या माईकवर काय काय सोडलं, पर जमिनीखाली एवढं धरलेलं कुणाचं बघितलं न्हाय."

मी त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. एस्टी आली. दारात उभा राहून त्यानं कंडक्टरला मोठ्यानं सांगितलं, "एक इंदापूर," आणि सगळी एस्टी मागं वळून बघायला लागली.

मी परत निघालो. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. हिनं माझं नाव भोंग्यावर घेतलं, चारी दिशांना घेतलं, आणि मी अजून चालतोय. ती गेली. ज्यांनी हे शास्त्र काढलं त्यांना एकदा धरून विचारलं पाहिजे.

चालताना दुसरंही डोक्यात आलं. हाक मारली की ओ द्यायची असते. एवढं बारक्या पोरालाही शिकवतात. तिनं एवढ्या मोठ्यानं हाका मारल्या, सगळ्या यार्डानं ऐकल्या, आणि ज्याला मारल्या तो आत रोलला तेल घालत होता. ती थोडा वेळ तरी थांबली असेल का, आतून काही येतंय का बघायला?

रस्त्याला कोणी नव्हतं. दोन्हीकडं ऊस उभा. मी थांबलो, मनात चार मोजले आणि छातीत होती नव्हती ती हवा घालून ओ दिली.

उसातून शेळ्या बाहेर पळाल्या आणि त्यांच्या मागून आमच्या वस्तीवरची एक म्हातारी आली. "काय झालं वं तात्या? कोन हाक मारतंय?"

"घरनं," मी म्हणालो. "जेवायला बोलावलंय."